शकू, खीर मी करणार नाही

शकू, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोरच्या मांडवात तुझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेलं फुगवलेलं. पांढऱ्या कडक कपड्यांतला तो पुढारी, ज्याला तू चौथीच्या वर्गात एक वर्ष जास्त बसवलं होतंस, त्यानं माईक हातात घेऊन सांगितलं की शकुंतलाबाई म्हणजे ज्ञानाचा सागर. बोरीच्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक त्यांनी वाचल्यावाचून सोडलं नाही. लोक माना हलवत होते. मी समोरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून मोठा केला होता, बाजूला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा राहिला होता. त्या फोटोतही तू हसू दाबून बसल्यासारखी दिसत होतीस.

मग मला बोलायला सांगितलं. मी उठले नाही. लोकांना वाटलं, भावजय आहे, कंठ दाटला असेल. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. मला एकच वाक्य सुचत होतं आणि ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते असं की या बाईनं उभ्या जन्मात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही.

ते इथं लिहून टाकलं. आता पुढचं बोलू.

तुला जे ओळखत नाहीत त्यांना तुझा तो जानेवारीचा खेळ सांगायला हवा. वालूरच्या शाळेतून निवृत्त होऊन तू बोरीला परत आलीस, आमच्याच गल्लीत घर बांधलंस आणि पहिल्याच वर्षी विहारातल्या बायकांना कामाला लावलंस. जानेवारीच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की सगळ्यांनी सतरंजीवर गोल करून बसायचं. एकेकीनं उभं राहून या वर्षी आपण काय वाचणार ते मोठ्यानं सांगायचं. पुढच्या जानेवारीत परत उभं राहून वाचलेलं सांगायचं. त्यावर तू पुस्तकाच्या मधलंच काहीतरी विचारणार, कारण पहिलं आणि शेवटचं पान कुणीही वाचतं, असं तुझं म्हणणं. हे तुझ्याइतकं दुसरं कुणाला माहीत असणार. जिचं वाचन राहिलं, तिनं पुढच्या पौर्णिमेला सगळ्यांसाठी खीर करायची. अशी तुझी सगळी व्यवस्था.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे पोरकट आहे. वाचन ही एकट्यानं, दार लावून करायची गोष्ट आहे. आणि ठरवायचंच असेल तर कागदावर लिहून ठेवावं, तारीख घालावी, म्हणजे नंतर पळवाट राहत नाही. तू म्हणालीस, "कागद काय वैनी, घडी घालून ठेवला की झालं. चारचौघींत तोंडानं बोललं की माणसाला झोप लागत न्हाई." तुला झोप उत्तम लागायची. दरवर्षी तूच सगळ्यांत मोठं काहीतरी बोलायचीस आणि दरवर्षी तुझंच राहायचं.

एका वर्षी तू पाली शिकणार होतीस. संक्रांतीच्या आत ते संपलं. एका वर्षी कायद्याचं जाड पुस्तक आणलंस. बायकांच्या वारसाहक्काच्या प्रकरणापर्यंत पोचलीस आणि तिथूनच परत फिरलीस, कारण दिराशी भांडायला तेवढं पुरत होतं. एका वर्षी मधुमेहावरचं पुस्तक होतं. गूळ बंद करा असं ज्या पानावर लिहिलं होतं, त्या पानावर तू ते लेखकासकट बंद केलंस. आणि पुढच्या जानेवारीत तू उभी राहून हे सगळं, का राहिलं आणि कसं राहिलं, इतकं रंगवून सांगायचीस की गयाबाई डोळ्यांना पदर लावून हसायची. मी ठरवलेली चार पुस्तकं दिवाळीच्या आत संपवून, व्यवस्थित मुद्दे काढून सांगायचे, तेव्हा त्याच बायका जांभया द्यायच्या. कुणी उठून पाणी आणायला जायची.

यात मला अपमान वाटला नाही. मी महाविद्यालयात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आहे, जांभयांची मला सवय आहे. मला राग यायचा तो खिरीचा. तुझी खीर चांगली व्हायची. तांदूळ आधी तुपावर परतून घेतलेले, जायफळ बेताचं, आणि मोठ्या पातेल्याच्या तळाशी किंचित लागलेली, तो लागलेला वास मुद्दाम ठेवलेला. बायका तुझं वाचन राहावं म्हणूनच टपून बसलेल्या असत. सगळ्यांना हरलेली बाई आवडायची. माझी खीर कुणी कधी खाल्ली नाही, कारण माझ्यावर ती वेळ आलीच नाही. हे मी अभिमानानं सांगते.

सध्या वाचनाचे संकल्प सगळीकडेच माजले आहेत. माझ्याबरोबरचे निवृत्त प्राध्यापक जानेवारी लागला की पुस्तकांची चळत रचून तिच्याशेजारी उभे राहतात आणि तो फोटो आम्हा सगळ्यांना पाठवतात. चळतीतलं सगळ्यांत खालचं पुस्तक तिथं दरवर्षी तेच असतं. मेलबर्नला माझ्या सुनेनं फोनवर असं काहीतरी घेतलं आहे की मुलांनी पुस्तक संपवलं की एक गोल थोडासा भरतो. मितू आता बारा वर्षांची आहे. गोल लवकर भरावा म्हणून ती धाकट्या सुजयची चित्रांची पुस्तकं वाचते. मी तिला विचारलं, त्यात काय होतं? ती म्हणाली, एक अस्वल होतं. पुढं? पुढं पुस्तक संपलं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू माझ्या बाजूनं बोलशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, पोरगी हुशार हाय. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा ठेवणं चूकच होतं.

या जानेवारीत तू जे केलंस ते मात्र हद्दीबाहेरचं होतं.

तुझी पाळी आली. तू उठलीस, गुडघ्यावर हात टेकून, आणि सांगितलंस की यंदा मी इंग्रजी पुस्तक वाचणार. वैनीच्या कपाटातलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी हसले. सगळ्याच हसल्या, पण माझं हसू मोठं होतं आणि जरा जास्त वेळ चाललं, आणि ते तसं चालण्यासारखंच होतं. जिला मराठीत गुळाचं पान ओलांडता आलं नाही, ती इंग्रजी कादंबरी संपवणार होती.

तू माझं हसू संपेपर्यंत थांबलीस. मग म्हणालीस, "हसा. पण मी एकटी न्हाई वाचणार. वैनीची मितू अन् सुजय मराठी वाचतील. वर्षावासात इथं येऊन, उभं राहून, ह्याच माईकवर. त्यांचं राहिलं तर माझं राहिलं, माझं राहिलं तर त्यांचं."

मी तिथंच विचारलं, त्यांच्या वतीनं बोलणारी तू कोण?

"मी त्यांची आत्याआजी हाय," तू म्हणालीस, आणि खाली बसलीस. गयाबाईनं टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. माझी चार पुस्तकं यंदा कुणी विचारलीच नाहीत.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, आपल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकेका घराची पाळी असते, त्या घरातल्या कुणीतरी उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सगळं गाव बसलेलं असतं. तिथं लहान पोरं अडखळली तरी चालतं, पण आपल्या घराचं कुणी आजवर अडखळलेलं नाही. तुझा दादा होता तोवर तो वाचायचा, तो गेल्यापासून मी वाचते. त्या माईकवर तू माझ्या नातवंडांना उभं करायला निघालीस, ज्यांना दुकानावरची पाटीसुद्धा बोट ठेवून वाचावी लागते. घरी जाताना मी तुला हे सांगितलं. सांगितलं की त्यांना इंग्रजी येतं, जगभर चालेल एवढं चांगलं येतं, मराठी ऐकून कळते, तेवढं पुरे. ज्या भाषेत ती स्वप्नं बघतात त्या भाषेत त्यांना राहू दे. तू रस्त्यातला खडा पायानं बाजूला सारलास आणि म्हणालीस, "तुमी त्यांना फोनवर जे सांगायलात, ते निम्मंच पोचायलंय वैनी. निम्मं इथंच पडायलंय, आपल्या गल्लीत." असल्या वाक्यांना मी उत्तर देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू ओच्यात हरभऱ्याचे ढाळे घेऊन हजर. कपाटापुढं उभी राहून, पाठीवरचं काहीही न वाचता, लाल रंग आवडला म्हणून एक जाड कादंबरी ओढून काढलीस. एका विधवा बाईची आणि तिच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूंची ती गोष्ट. मी दोन अटी घातल्या. पान दुमडायचं नाही, आणि ढाळे खाल्लेल्या हातानं पुस्तकाला हात लावायचा नाही. पहिली अट तू लगेच मान्य केलीस. दुसरी अट ऐकली नसल्यासारखं करून गच्चीवर जाऊन उन्हात बसलीस.

त्या दुपारी कशा गेल्या हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू वाचायचीस ते वर्गात वाचल्यासारखं, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. तुझं इंग्रजी हे तुला डी.एड.ला कुणीतरी दिलेलं आणि तेव्हापासून पेटीत ठेवलेलं इंग्रजी होतं. मी दर ओळीला थांबवत होते. तू दर पानाला स्वतःच थांबत होतीस, पण वेगळ्या कारणानं. त्या विधवेनं एका भाडेकरूला जेवायला वाढलं नाही, तर तू पुस्तक मांडीवर पालथं घालून तिची बाजू घेतलीस. मग वालूरच्या कुठल्याशा घरमालकिणीची गोष्ट सुरू. मग पुस्तकातली ती बाई एवढी ताठ का वागते यावर तुझं मत. मी म्हणत होते, वाच. तू म्हणत होतीस, वाचायलेय की. एकदा तू मला विचारलंस, "ह्या बाईला बोलायला कुणीच न्हाई का वो?" मी म्हटलं, पुढं कळेल. पुढं कळत नाही, मला माहीत होतं. त्या कादंबरीत तिला शेवटपर्यंत कुणी मिळत नाही. पण मी शेवट कधीच आधी सांगत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. ती कादंबरी मी दोनदा वाचली होती, एकदा शिकताना आणि एकदा शिकवताना. ती विनोदी आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तू त्या भाडेकरूंना गावातली नावं दिलीस, एकाला सरपंच केलंस, एकाला तुझा जुना मुख्याध्यापक, आणि मग आपण दोघी इतक्या हसलो की खालून दूधवाल्यानं वर पाहिलं. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. हे वाक्य एकदाच लिहिते आहे.

शेवटची दुपार सांगते. एका परिच्छेदात तू दोन शब्द गाळलेस. मी थांबवलं. तू म्हणालीस, न्हाई आले, पुढं जाऊ, कळंल आपोआप. मी शब्दकोश तुझ्यापुढं सरकवला. अर्थ न कळता पुढं जाणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मी तुला सांगितलं, आणि ते आजही खरं आहे. तू शब्दकोश मिटलास. नंतर कादंबरी मिटलीस.

"तुमी मला पुस्तक वाचू देईनात वैनी," तू म्हणालीस. "तुमी माझी परीक्षा घ्यायलात. लेकरांचंबी असंच केलं असंल. म्हणून त्यांनी मराठी धरली न्हाई."

दोन उन्हाळे मी त्या मुलांना फोनवर बाराखडी शिकवली होती. वेळ ठरलेली, वही समोर ठेवलेली, चूक झाली की तिथल्या तिथं सुधारलेली. दुसऱ्या उन्हाळ्यात सुजय रडला आणि माझ्या मुलानं ते बंद केलं. त्यांच्या घरात मराठी कुणी बोलत नाही, खरं कारण ते आहे. हे तुला माहीत होतं. मी तुला म्हटलं, "आधी एक पान नीट वाचून दाखव, मग माझ्या नातवंडांबद्दल बोल."

तू उठलीस. ढाळ्याची टरफलं पदरात गोळा केलीस, एकही खाली ठेवलं नाहीस. पुस्तक काखेत मारलंस आणि जिन्यावरून उतरलीस. दुसऱ्या दिवशी आली नाहीस. मी चहा दोन कप टाकला होता, एक तसाच राहिला. रागावली असशील असं वाटलं, आणि तुझ्या रागाची मी कधी पर्वा केलेली नाही. त्यानंतर तुझा मुलगा धावत आला तेव्हा तुला परभणीच्या दवाखान्यात हलवलं होतं, आणि मी पोचले तेव्हा बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पुस्तक तुझ्या सुनेनं परत आणून दिलं. मी ते पानापानानं पाहिलं. आपण गच्चीवर वाचलेल्या पानांवर ढाळ्याच्या आंबट आंबेचे पिवळट डाग आहेत, अगदी त्या भांडणाच्या पानापर्यंत. त्यापुढची पानं स्वच्छ आहेत. म्हणजे तू पुढं वाचलं नाहीस, किंवा घरी जाऊन हात धुऊन वाचलंस. कुठं खूण नाही. पान दुमडायचं नाही, ही माझी अट तू पाळलीस. आयुष्यात माझं ऐकायला तुला नेमका हाच मुहूर्त सापडला.

मला आजही माहीत नाही की त्या बाईला बोलायला कुणी मिळत नाही, हे तुला कळलं की नाही.

आता मांडवाकडे परत येते. पुढारी गेले, जेवणं झाली, भांडी घासून झाली. आपल्या बायका तेवढ्या सतरंजीवर बसून राहिल्या. गयाबाई माझ्याजवळ सरकली. तिचा आवाज आजारी माणसाशी बोलतात तसा होता. म्हणाली की शकूबाईनं जे बोललं होतं ते तिच्यासंगं गेलं. तिचंबी माफ, लेकरांचंबी माफ. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "लेकरं तिकडली वैनी. त्यांना कुठलं यायलंय. तुमी जिवाला लावून घेऊ नका. पौर्णिमेला तिच्या नावानं खीर करा अन् मोकळ्या व्हा."

शकू, मला बायकांचा उपहास चालतो, जांभया चालतात. दया चालत नाही. सगळ्याजणी माझ्याकडे तसं बघत होत्या, जसं माझी चार पुस्तकं सांगून झाल्यावर कधी बघितलं नव्हतं. मायेनं. हरलेल्या बाईकडे बघतात तसं. आणि मला स्पष्ट दिसलं की तू मला नेमकं इथं आणून बसवलं आहेस, तुझ्या जागेवर, पातेल्यासमोर, आणि स्वतः निघून गेली आहेस.

मी हात सोडवून घेतला. "माफ नको," मी म्हटलं. "मी आजवर खीर केलेली नाही, आणि करणार नाही. लेकरं वाचतील."

"काय वाचतील?" गयाबाईनं विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते त्या दिवशी कळेल. मग उठून घरी आले.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, आता कशाला, आत्या तर गेली. मी त्याला सांगितलं की आत्या गेली म्हणूनच, आणि जुलैत त्यांच्या शाळांना सुट्टी असतेच, तेव्हा तिकिटं काढ. तो सगळ्यात आधी खर्चाचं बोलला, मग मुलांच्या पोहण्याच्या वर्गाचं, आणि शेवटी गप्प बसला. तुझा भाऊ असाच गप्प बसायचा, हरलेला असला की. तिकिटं निघाली. मितूनं एवढंच विचारलं की हे वाचलं तर त्या फोनमधल्या गोलात धरतील का. मी सांगितलं, धरणार नाहीत. ती म्हणाली, ओके आजी.

मग पुस्तक शोधायला लागले. परभणीला जाऊन दुकानात बसले. लहान मुलांसाठी मराठीत जे मिळतं त्यातले ससे बोलतात आणि शेवटी सगळ्यांना शहाणपण येतं. असली पुस्तकं मी शत्रूच्या मुलांना देणार नाही. मोठ्यांची पुस्तकं त्यांना दहा वर्षं झेपणार नाहीत. दुकानदार म्हणाला, मॅडम, काहीतरी सोपं पण चांगलं असं नसतं. एवढं खरं वाक्य त्या दुकानात त्यानं बहुधा पहिल्यांदा उच्चारलं असेल.

म्हणून हे लिहिते आहे. मितू आणि सुजय, ही तुमची ओळ आहे, हळू वाचा. वर्षावासात आपल्या घराची पाळी आली की आधी ग्रंथाचं वाचन मी करीन, रीतीप्रमाणे. मग तुम्ही दोघं माईकपुढं उभे राहाल आणि हेच वाचाल, पहिल्यापासून. जोडाक्षरं मी टाळलेली नाहीत. वाक्यं शक्य तिथं लहान ठेवली आहेत, ती तुमच्यासाठी नाही, मला तशीच आवडतात. पुढाऱ्याबद्दल लिहिलेलं गाळायचं नाही, तो पहिल्या रांगेत बसलेला असेल.

शकू, पहिली पानं मी त्यांना पाठवली आहेत. रोज आमच्या दुपारी, त्यांच्या संध्याकाळी, ती फोनवर वाचतात आणि मी ऐकते. मितू घाईनं वाचते, सुजय शब्दाला शब्द जोडत डबे जोडल्यासारखा वाचतो. चुकलं की मी थांबवते. पूर्वीसारखंच थांबवते. या बाबतीत मी काहीही बदललेलं नाही, तुझा गैरसमज नको. परवा सुजय खिरीच्या परिच्छेदाशी आला. लागलेला वास, इथं तो आपणहून थांबला. मला वाटलं, अडला. मी शब्द सांगायला तोंड उघडलं तर तो त्याच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाला, आजी, हे मला माहीत आहे, आत्याआजीनं मला पातेलं दिलं होतं, चमचा पण दिला होता. गेल्या खेपेला तो आला तेव्हा चार वर्षांचा होता. मी त्याला म्हटलं, पुढं वाच. तो पुढं वाचायला लागला. त्यानंतरच्या दोन ओळींत त्याच्या किती चुका झाल्या ते मला सांगता येणार नाही, माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्या ओळीपासून परत थांबवायला सुरुवात केली.

या गतीनं जुलैपर्यंत ती शेवटापर्यंत पोचतील की नाही, सांगता येत नाही. तुझं इंग्रजी पुस्तक तर राहिलंच, आणि तुझ्याच अटीनं तुझं राहिलं तर त्यांचं राहिलं. म्हणून संध्याकाळी मी ती लाल कादंबरी घेऊन गच्चीवर बसते, जिथून डाग संपतात तिथून. मोठ्यानं वाचते. घरात दुसरं कुणी नसतं, तेव्हा कुणाला त्याचा त्रास नाही. भाडेकरूंना तू दिलेली नावं अजून लक्षात आहेत, सरपंच आता फारच वाईट वागायला लागला आहे. तुझ्या वाट्याची पानं मी संपवून टाकीन आणि पुढच्या जानेवारीत उभी राहून तुझ्या नावावर सांगेन. मधलं काही विचारायचं असेल तर गयाबाईला विचारू दे, तिला इंग्रजी येत नाही.

आणि जुलैतलं आताच सांगून ठेवते. माईकवर, सगळ्या गावापुढं, पोरं जिथं चुकतील तिथं मी त्यांना थांबवणार आहे. पुढाऱ्यापुढं, गयाबाईपुढं, तुझ्या फोटोपुढं. एकही शब्द गाळू देणार नाही, पुढं जाऊ कळंल असलं काही चालू देणार नाही. तुला ते बघवणार नाही, मला ठाऊक आहे. मी सतरंजीवर माझ्या शेजारी जागा ठेवते.

मला अडवायचं असेल तर ये.